बिनपगारी पहारेकरी

१९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली. तिच्या नावातला पँथर अमेरिकेतून आला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. तो तिथल्या कोणत्या गावचा, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. ते गाव म्हणजे कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड. सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेले हे बंदराचे शहर. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ४० हजार आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम महानगरपालिकेएवढी. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी येथे ‘ब्लॅक पँथर पार्टी’ काढली. मुलांना मोफत न्याहारी देणे, दवाखाने चालवणे ही तिची कामे पुढची. तिचे पहिले काम होते पोलिसांवर नजर ठेवण्याचे.

ही नजर ठेवण्याची रीत साधी होती. पोलिसांची गस्तीची गाडी वस्तीत शिरली की तिच्यामागे पँथर कार्यकर्त्यांची गाडी निघे. पोलिसांनी कुणा कृष्णवर्णीयाला अडवले की हे कार्यकर्ते ठरावीक अंतरावर उभे राहत. त्यांच्याजवळ कायद्याचे पुस्तक असे आणि बंदूकही असे. भरलेली बंदूक उघडपणे बाळगणे त्या वेळी कॅलिफोर्नियात कायदेशीर होते. अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने सांगायचे आणि पोलीस काय करतात ते पाहत राहायचे, एवढाच कार्यक्रम. १९६७ मध्ये राज्याने कायदा बदलून भरलेल्या बंदुका उघड बाळगण्यावर बंदी घातली आणि ही सशस्त्र पाळत संपली.

पुढे बरोबर ५० वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, याच शहराच्या मतदारांनी पोलिसांवर नजर ठेवण्याचे काम शहराच्या सनदेतच लिहून टाकले. झालेल्या मतांपैकी शेकडा ८० हून अधिक मते त्या प्रस्तावाच्या बाजूने पडली. त्यातून जो ‘पोलीस आयोग’ उभा राहिला, त्याच्याएवढे अधिकार अमेरिकेत फार थोड्या नागरी मंडळांना आहेत. या आयोगाचे सदस्य सामान्य नागरिक असतात आणि त्यांना पगार नसतो. दिवसभर आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, महिन्यातून दोन गुरुवारी संध्याकाळी एकत्र बसून ते एका शस्त्रधारी खात्याचा कारभार तपासतात. हे जमते का, जमत नसेल तर कुठे अडते आणि अडूनही ते का करावे, एवढ्याच प्रश्नांचा शोध या लेखात घ्यायचा आहे.

सल्ल्याचा हक्क

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कुणाकडे मागायची, हा प्रश्न जुना आहे. पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसांकडेच नोंदवायची, तपास पोलिसांनीच करायचा आणि शिक्षाही त्यांनीच ठरवायची, ही जगभरची सर्वसाधारण पद्धत. तिच्याबाहेर पडण्याचा एक ठळक प्रयत्न १९५८ मध्ये फिलाडेल्फिया शहरात झाला. महापौर रिचर्डसन डिलवर्थ यांनी नागरिकांचे एक मंडळ नेमले. या मंडळाला फक्त सल्ला देण्याचा अधिकार होता, तरीही पोलिसांच्या संघटनेने त्याला न्यायालयात खेचले. १९६९ मध्ये पुढच्या महापौरांनी ते गुंडाळून टाकले.

न्यूयॉर्कची हकिकत याहून बोलकी आहे. महापौर जॉन लिंडसे यांनी १९६६ मध्ये तक्रार मंडळात चार नागरिक आणि तीन पोलीस अधिकारी अशी रचना केली. पोलिसांच्या संघटनेने हा प्रश्न थेट मतदारांपुढे नेला. नोव्हेंबरमधल्या सार्वमतात न्यूयॉर्ककरांनी ते मंडळ मोठ्या फरकाने मोडीत काढले. ओकलंडमध्ये पँथर स्थापन होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. बाहेरच्या माणसाने पोलिसाच्या कामात नाक खुपसले तर पोलीस हात आखडता घेईल आणि गुन्हेगार मोकाट सुटेल, ही भीती त्या प्रचारात होती. आजही या विषयावरचा पहिला आक्षेप हाच असतो.

ओकलंडला खेटून असलेल्या बर्कलीत १९७३ मध्ये मतदारांनी स्वतःच पोलीस पुनरावलोकन आयोग निर्माण केला. ओकलंडला तिथवर पोहोचायला एक बळी जावा लागला. १९७९ मध्ये पोलिसांच्या गोळीने एका किशोरवयीन कृष्णवर्णीय मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर उसळलेल्या संतापातून १९८० मध्ये ओकलंडचे नागरी मंडळ स्थापन झाले. त्याच्या हातीही सल्लाच होता. तक्रार ऐकायची, मत बनवायचे, ते वर पाठवायचे. पुढे त्याचे काय होई, ते वरच्यांच्या मर्जीवर.

कागदावरच्या ५० सुधारणा

सल्ल्याने काय साधले ते २००० साली दिसले. पश्चिम ओकलंडमध्ये रात्रपाळीच्या चार अधिकाऱ्यांचे एक टोळके होते. वस्तीत त्यांना ‘रायडर्स’ म्हणत. माणसांना मारहाण करणे, त्यांच्याजवळ अमली पदार्थ सापडल्याचे भासवणे, खोटे अहवाल लिहिणे असे आरोप त्यांच्यावर झाले. हे बाहेर आले ते कुठल्या मंडळामुळे नव्हे. पोलीस अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला एक शिकाऊ पोलीस त्यांच्या हाताखाली दोनेक आठवडे काम करून वैतागला आणि त्याने वरिष्ठांना सर्व सांगितले. चौघांपैकी एक फरार झाला. उरलेल्या तिघांचे खटले दोनदा चालले, पण ज्यूरीने एकालाही दोषी ठरवले नाही.

फौजदारी न्यायालयात जे झाले नाही, ते दिवाणी दाव्यात झाले. ११९ फिर्यादींनी शहरावर दावा लावला. शहराने सुमारे १ कोटी ९ लाख डॉलर भरपाई दिली आणि जानेवारी २००३ मध्ये संघीय न्यायालयापुढे एक तडजोडनामा केला. खात्याने ५० हून अधिक सुधारणा करायच्या आणि न्यायालयाने नेमलेल्या निरीक्षकाने त्या तपासायच्या, असे ठरले. पाचेक वर्षांत काम उरकेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात वीस वर्षे उलटून गेली तरी न्यायालयाची देखरेख सुटली नाही. त्या काळात न्यायाधीश बदलले, निरीक्षक बदलले, पोलीसप्रमुख तर किती बदलले याची गणतीच नको.

त्यात २०१६ हे वर्ष उजाडले. एका तरुणीच्या लैंगिक शोषणात अनेक पोलीस गुंतल्याचे उघड झाले. ते शोषण सुरू झाले तेव्हा ती अल्पवयीन होती. त्या जूनमध्ये नऊ दिवसांत ओकलंडने तीन पोलीसप्रमुख पाहिले. न्यायालयाचा निरीक्षक खात्यात बसलेला असताना हे घडले होते. नागरी मंडळाला दात हवेत ही मागणी काही नागरिक संघटना आधीपासून करत होत्या. आता ती सर्वांनाच पटली. नोव्हेंबरच्या कौलामागे ही पार्श्वभूमी आहे.

अधिकार किती, माणसे कोण

नव्या आयोगात सात सदस्य आणि दोन पर्यायी सदस्य. सातांपैकी तिघांची नावे महापौर सुचवतात. त्यांतला किमान एक निवृत्त न्यायाधीश किंवा फौजदारी अथवा पोलीस गैरवर्तनाच्या खटल्यांचा अनुभव असलेला वकील असावा लागतो. उरलेल्या चौघांना नऊ नागरिकांची निवड समिती निवडते. सेवेतला पोलीस, शहराचा नोकर किंवा पोलीस संघटनेचा कर्मचारी सदस्य होऊ शकत नाही. मुदत तीन वर्षांची असते.

अधिकारांची यादी वाचताना आपल्याकडच्या वाचकाला जरा दचकायला होईल. बळाचा वापर, झडती, जमावबंदोबस्त अशा विषयांवरचे खात्याचे नियम आयोग बदलू शकतो. खात्याला तो बदल मान्य नसेल तर प्रश्न सिटी कौन्सिलपुढे, म्हणजे शहराच्या निर्वाचित सभेपुढे जातो. पण सभेने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर आयोगाचा शब्द अंतिम ठरतो. फाईल दाबून ठेवून सुधारणा मारण्याची जी जगप्रसिद्ध युक्ती आहे, तिच्यावरचा हा उतारा आहे.

तक्रारींच्या तपासासाठी आयोगाच्या हाताखाली पगारी तपास यंत्रणा असते. दर १०० पोलिसांमागे किमान एक तपासनीस असावा, असे सनदेतच लिहिले आहे. यंत्रणेचा निष्कर्ष आणि पोलीसप्रमुखांचा निष्कर्ष जुळला नाही, तर आयोगाच्या तीन सदस्यांची समिती निवाडा करते. आणि शेवटचे म्हणजे खुद्द पोलीसप्रमुख. त्या पदासाठी नावांची यादी आयोग करतो आणि महापौर त्यातून निवड करतात. महापौर आणि आयोग मिळून प्रमुखाला कारण न देता काढू शकतात. सबळ कारण असेल तर किमान पाच मतांनी आयोग एकटाही काढू शकतो.

या अधिकारांचा एक चांगला उपयोग सांगण्याजोगा आहे. रस्त्यात माणूस अडवला की पोलीस पहिला प्रश्न टाकत, ‘तू पॅरोलवर आहेस का? प्रोबेशनवर?’ उत्तर होकारार्थी आले की पुष्कळदा वॉरंटशिवाय झडती घेता येई. पोलिसांच्या दृष्टीने हा सोयीचा प्रश्न होता. पण कधीच तुरुंगात न गेलेल्या कृष्णवर्णीय शिक्षकाला किंवा बसचालकाला मुलाबाळांसमोर तो विचारला जाई, तेव्हा त्याचा अर्थ एकच होई. आम्ही तुला गुन्हेगार धरूनच चाललो आहोत. २०१९ मध्ये आयोगाने या प्रश्नावर आणि अशा झडतीवर बंधने घालणारा नियम तयार केला. खात्याला तो रुचला नाही. सिटी कौन्सिलने आयोगाची बाजू घेतली. एरवी कुठल्याही गोपनीय अहवालात हा प्रश्न ‘समस्या’ म्हणून नोंदलाच गेला नसता. तो ज्यांना विचारला जात होता त्यांचे शेजारी टेबलाभोवती बसले, म्हणून तो नोंदला गेला. नागरी देखरेखीची खरी कमाई कुठे असते, ते यावरून कळते.

वेळेचा हिशेब

आता अडचणीकडे वळू. मार्च २०१८ मध्ये दोन घरांमधल्या बोळात एक माणूस हातात पिस्तूल घेऊन बेशुद्धावस्थेत पडलेला पोलिसांना आढळला. तो हलू लागला तेव्हा पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तो मेला. सरकारी वकिलांनी पोलिसांवर खटला भरला नाही. खातेनिहाय कारवाई काय करावी, यावर मात्र सर्व यंत्रणांचे एकमत झाले नाही आणि प्रकरण आयोगाच्या तिघांच्या समितीकडे आले. जुलै २०१९ मध्ये समितीने पाच अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्याचा निर्णय दिला. त्यानंतर ते प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयांत फिरत राहिले.

निर्णय बरोबर की चूक, हा येथे प्रश्न नाही. तो देणाऱ्यांनी काय केले असेल याची कल्पना करून पाहावी. अधिकाऱ्यांच्या अंगावरील कॅमेऱ्यांचे चित्रण, साक्षीदारांचे शेकडो पानांचे जबाब, गोळीबाराचे नियम, त्या नियमांवरचे न्यायालयीन निवाडे हे सगळे समजून घ्यायचे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने पोलिसांवरील शिस्तभंगाचा तपास साधारणपणे वर्षाच्या आत संपवावा लागतो, म्हणजे घड्याळही चालू. समोर संघटनेचे वाकबगार वकील. आणि वाचणाऱ्याला सकाळी उठून स्वतःच्या नोकरीवर जायचे असते.

दुसरे ओझे मौनाचे. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘कोप्ली प्रेस’ या वृत्तपत्र कंपनीच्या खटल्यात पोलिसांच्या शिस्तभंगाची कागदपत्रे गोपनीय ठरवली. बर्कलीसारख्या शहरांतील जाहीर सुनावण्या त्यामुळे बंद दाराआड गेल्या. १ जानेवारी २०१९ पासून नव्या कायद्याने गोळीबार, गंभीर इजा, लैंगिक अत्याचार आणि खोटेपणा यांसंबंधीची कागदपत्रे खुली झाली. बाकी पुष्कळसे आजही झाकलेलेच आहे. आयोगाच्या सदस्याने फाईल वाचलेली असते, पण कोपऱ्यावरच्या दुकानात भेटलेल्या शेजाऱ्याने ‘त्या पोलिसाचे पुढे काय झाले?’ असे विचारले, तर त्याला गप्प राहावे लागते. लोकांचा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या माणसाला लोकांशीच बोलता येऊ नये, हा विपर्यास आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. बिनपगारी कामाला कोण येऊ शकते? निवृत्त माणूस, वकील, ज्याची नोकरी संध्याकाळी पाच वाजता संपते तो. रात्रपाळीत गोदामात राबणारा, दोन नोकऱ्या करणारा, घरी लहान मूल असलेली एकटी आई यांना महिन्यातले दोन गुरुवार आणि त्याभोवतीचे वाचनाचे तास कुठून आणायचे? ज्या वस्तीला पोलिसांचा सर्वाधिक उपद्रव, त्याच वस्तीजवळ मोकळा वेळ सर्वांत कमी. पगार नसला की सदस्य कुणाचा मिंधा राहत नाही, हे खरे. पण वेळ ही जणू त्या खुर्चीची प्रवेश फी होऊन बसते.

आयोगाच्या चुका

या आयोगाने घोटाळेही कमी केलेले नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये आयोग आणि महापौर लिबी शाफ यांनी पोलीसप्रमुख अ‍ॅन कर्कपॅट्रिक यांना कारण न देता काढले. आपण आयोगातील काहींच्या गैरवर्तनाची तक्रार केली होती, म्हणून आपला सूड उगवला गेला, असे म्हणत त्या न्यायालयात गेल्या. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन सुमारे ३ लाख ३७ हजार डॉलर भरपाई ठरवली. देखरेख करणाऱ्यांच्याच वागण्याने शहराला भरपाई मोजण्याची पाळी आली.

पुढचे पोलीसप्रमुख लेरॉन आर्मस्ट्राँग याच शहराचे सुपुत्र. त्यांच्या काळात एका सार्जंटने पोलीस मुख्यालयाच्या लिफ्टमध्ये बंदुकीची गोळी उडवली आणि ते लपवले. या आणि आणखी एका प्रकरणाचा तपास खात्याने ढिलाईने केल्याचा ठपका बाहेरच्या चौकशीत आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापौर शेंग थाओ यांनी आर्मस्ट्राँगना काढले. आपल्यावर अन्याय झाला, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षअखेरीस आयोगाने नव्या प्रमुखासाठी जी नावे पाठवली, त्यात पुन्हा आर्मस्ट्राँग यांचेच नाव होते. महापौरांनी सगळी यादी परत केली. नवे प्रमुख फ्लॉइड मिचेल यांची निवड व्हायला मार्च २०२४ उजाडला. वर्षभराहून अधिक काळ शहर कायम पोलीसप्रमुखाविना राहिले. त्याच सुमारास सदस्यांमधले भांडण इतके विकोपाला गेले की गणसंख्या न झाल्याने बैठका होईनात.

विरोधक याकडे बोट दाखवून म्हणतात, हौशी माणसांच्या हाती एवढी सत्ता दिली की असेच होणार. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. आयोगाच्या गोंधळाची किंमतही शेवटी त्याच वस्त्यांना मोजावी लागते. ओकलंडच्या मतदारांनी मात्र दुरुस्तीचा रस्ता धरला. २०२० मध्ये त्यांनी पुन्हा शेकडा ८० हून अधिक मतांनी आयोगाची सनद सुधारली. आयोगाला स्वतंत्र वकील आणि खात्याच्या कारभाराची पाहणी करणारे पगारी महानिरीक्षकाचे कार्यालय मिळाले. निकाल देणारे नागरिक बिनपगारी असोत, पण त्यांच्यासाठी कागद वाचून सोपे करून देणारे हात पगारी हवेत, हे त्यांना अनुभवातून उमगले.

आपल्या बाजूला

आपल्याकडे याच्या आसपासचे दोन प्रयोग आहेत. एक, मोहल्ला समित्यांचा. १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी त्या सुरू केल्या आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत त्या रुजल्या. तिथेही सामान्य माणसे विनामोबदला वेळ देतात आणि त्यांनी दंगली थोपवल्याचे श्रेय त्यांना मिळायलाच हवे. दुसरा, पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर अशी प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात तशी दुरुस्ती केली. तिथे मुख्य खुर्ची निवृत्त न्यायाधीशाची असते.

दोन्ही प्रयोगांत आणि ओकलंडमध्ये फरक निमंत्रणाचा आहे. मोहल्ला समितीला पोलीस बोलावतात. प्राधिकरणाकडे तक्रारदार जातो, तोही बहुधा झालेल्या अन्यायानंतर. ओकलंडमध्ये शेजारपाजारची माणसे पोलीसप्रमुखाला बोलावतात आणि अन्याय होण्याआधीच विचारतात, ‘हा नियम असा का?’ निवृत्त न्यायाधीशाला पुरावा तोलता येतो. पण रस्त्यात विचारला जाणारा तो पॅरोलचा प्रश्न किती बोचतो, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

आयोगाच्या प्रत्येक बैठकीत कुणाही नागरिकाला उठून बोलण्यासाठी काही मिनिटे मिळतात. वेळ संपली की थांबावे लागते. पँथर कार्यकर्ते रस्त्यात अंतर राखून उभे राहत, तेव्हा त्यांच्या बोलण्याची नोंद घेण्याचे बंधन कुणावर नव्हते. आता नोंद होते, उत्तर देणे भाग असते आणि १२० दिवस मोजले जातात. ५० वर्षांत पदरात पडले ते एवढे. ते टिकवायचे तर पुढच्या गुरुवारी संध्याकाळीही, दिवसभराच्या कामाने थकलेल्या किमान पाच माणसांनी वेळेवर येऊन बसावे लागते.